अकरा पावत्यांचे साक्षीदार

सहा वर्षांपूर्वीची अक्षय्य तृतीया, सकाळी अकराची वेळ. ठिकाण नारायणगावहून ओझरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या नव्या इमारतीचं पार्किंग. रक्कम प्रत्येक घराची अठरा लाख पन्नास हजार, बारा घरांची मिळून दोन कोटी बावीस लाख, आणि ती त्या दिवसापर्यंत पूर्ण चुकती झालेली होती. हजर बारा घरांचे बारा मालक, त्यांच्या घरची माणसं, इमारत बांधणारा शेठ आणि त्याचा कारकून. मालकांमध्ये तळमजल्यावरच्या एक नंबरचे निवृत्ती गवारी होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू. आता ते नाहीत.

कारकुनाने टेबलावर ताबा पावत्या मांडल्या. प्रत्येक पावती दोन पानांची, बारीक टायपात. शेठ पेढे वाटत होता. "वाचून घ्या बरं का सगळ्यांनी, मग सह्या करा," असं तो म्हणाला. हे वाक्य त्याने म्हटलं होतं, हे मी इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे सगळं त्याच वाक्यापाशी येऊन अडलं. मी माझी पावती उचलली आणि पहिलं पान वाचलं. दुसरं उलटणार तोच आण्णा हसून म्हणाले, "काय वाचता राव? पोच हाय ती. किल्ली मिळाली म्हनून सही. पोच दिल्यानं कुनाचं काय जात न्हाई. कबुली येगळी आन् पोच येगळी."

आण्णा घोडेगावच्या कोर्टात पस्तीस वर्षं बेलीफ होते. समन्स, नोटिसा, वॉरंट घेऊन त्यांनी आंबेगाव तालुक्याचा एकेक उंबरा पाहिलेला. कायद्यातलं आमच्यापैकी त्यांनाच कळतं, हे आम्ही धरूनच चाललो होतो. वीस मिनिटांत बारा सह्या झाल्या. अकरा पावत्यांवर साक्षीदार म्हणून आण्णांनी सही केली आणि त्यांच्या पावतीवर मी. दुसरं पान मी वाचलं नाही. मी एका दूध संकलन केंद्राचे हिशेब लिहितो. दिवसाला चारशे ओळी वाचतो, आणि ते एक पान वाचलं नाही.

आण्णा उंचीने बेताचे, काटक, डोंगरातल्या माणसासारखी पिंढरी घट्ट. चालताना आवाज होत नसे. रबरी तळाच्या चपला ते मुद्दाम घेत. "नालाचं पायताण वाजलं की मानूस मागच्या दारानं पसार," असं त्याचं कारण. कुणाच्याही दारात उभे राहिले की चौकटीच्या बाजूला तिरके उभे राहत, कधी समोर नाही. समोर उभं राहिलं की कुत्रं अंगावर येतं आणि घरातल्या माणसाला वाट अडवल्यासारखं वाटतं. निवृत्त झाल्यावरही आमच्या दारात साखर मागायला आले तरी तसेच तिरके उभे राहत आणि माझ्या बायकोला पूर्ण नावाने हाक मारत, मधल्या नावासकट. पहिल्यांदा ती दचकली होती.

माणसं त्यांना चेहऱ्यावरून आठवत नसत, दारावरून आठवत. "कोन, तो निळ्या दाराचा? ज्याची कडी डावीकडं हाय?" असं विचारून मग ते नावावर येत. आणि ज्या घरी एकदा समन्स नेलं, त्या घरचा चहा ते घेत नसत. नोकरीत ते ठीक होतं, पण हा नेम त्यांनी पुढेही सोडला नाही. त्यामुळे अर्ध्या तालुक्यात त्यांना चहा निषिद्ध होता. लग्नाला गेले तर आधी यजमानाचं दार आठवून पाहत. त्यांच्या बायको हिराबाई म्हणायच्या, "दुनियेला पोच मागत्यात. मी चाळीस वरसं भाकऱ्या थापल्या, एकीची पोच दिली न्हाई."

रविवारी सकाळी नऊ ते अकरा आण्णा पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसत आणि लोक विचारायला येत. ते वकील नव्हते आणि तसं आधीच सांगून टाकत. येणाऱ्यांचे प्रश्न घराचे, वासाचे, धुळीचे, पाण्याचे. शेजाऱ्याच्या पत्र्याच्या पागोळ्या आमच्या भिंतीवर पडतात. खडी क्रशरची धूळ द्राक्षाच्या पानावर बसते. भाडेकरू घर सोडत नाही आणि लाइटबिलही भरत नाही. सगळ्यांना आण्णांचा पहिला प्रश्न एकच: "लिहून दिलंय का? आन् दिलं आसंल तर पोच कुठं हाय?" पोच नसली की ते पुढचं ऐकतच नसत. दोन प्रती करायच्या, एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का आणि सही घ्यायची, मग बोलायला यायचं.

एकदा निमगाव सावाहून एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या घरामागे पोल्ट्री होती आणि घरात माश्यांमुळे ताट झाकूनही जेवता येत नव्हतं. पुरावा म्हणून त्यांनी लोणच्याची बरणी भरून माश्या आणल्या होत्या. काही जिवंत होत्या.

"गुरुजी, ह्या कशाला?"

"पुरावा आहे. रविवार ते शनिवार, एका आठवड्यातल्या आहेत."

"आन् मालक म्हनला ह्या माझ्या न्हाईत, तर? मी माशीवर शिक्का कुठं मारू?"

गुरुजींसकट सगळे हसले. मग आण्णांनी त्यांना वहीत तारीखवार लिहायला लावलं, ग्रामपंचायतीत अर्ज द्यायला लावला, महिन्याने स्मरणपत्र, पुन्हा महिन्याने दुसरं. प्रत्येकाची पोच. पाचव्या पोचेनंतर पोल्ट्रीवाला स्वतः गुरुजींकडे आला आणि खत आठवड्याला उचलायचं कबूल केलं. गुरुजी पेढे घेऊन आले. आण्णांनी पेढा घेतला. निमगाव सावा जुन्नर तालुक्यात, तिथल्या कुठल्या दारात ते कधी गेले नव्हते.

हा पोचेचा हट्ट कुठून आला, ते मला डिंभ्याला कळलं. मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी मला तिकडे जायचं होतं. आण्णा म्हणाले, मी येतो, माझा तो मुलूख आहे. परतीची एसटी तीनची होती, ती आलीच नाही. आम्ही धरणाच्या काठावर बसलो. तिथे त्यांनी एका कोळ्याची गोष्ट सांगितली. पागोळ्यांच्याच भांडणातलं समन्स होतं. आण्णांना लांबून बघून तो होडीत बसला आणि पाण्याच्या मध्यावर जाऊन थांबला. आण्णा काठावर बसले. तो मधोमध, हे काठावर, असं सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत चाललं. शेवटी तोच ओरडला, "आरं, तू घरी जा की! तुला बायकापोरं न्हाईत का?" आण्णा ओरडले, "हायेत! पर तू जेवाय कुठं येशील? हितंच ना?" तो आला, सही केली, आणि आण्णांनी त्याची माशाची पाटी घरापर्यंत उचलून दिली. "चा घ्या म्हनला. न्हाई घेतला," ते म्हणाले.

मग पाण्याकडे बोट करून म्हणाले, "भाऊ, माझं घर त्या तिकडं व्हतं. त्या उंबराच्या खाली. उंबरबी पान्यातच."

धरणाची नोटीस आली तेव्हा ते पोरवयाचे. त्यांच्या वडिलांची समजूत अशी, की कागद हातात घेतला नाही तर घर जाणार नाही. तलाठी दिसला की ते माळ्यावर चढून बसत. तीनदा असं झालं. चौथ्यांदा नोटीस दाराला चिकटवली. आईने ती सोलून काढली आणि चुलीत घातली. नाव नोंदवायची मुदत गेली. वाडीतल्या बाकीच्यांना पुढे जमिनी मिळाल्या, यांचं नाव यादीतच नव्हतं. ते कुटुंब वर डोंगरावर चुलत्याच्या पडवीत राहायला गेलं.

"पानी काय बघत न्हाई, कागद घेतला का न्हाई ते," आण्णा म्हणाले. "बापानं सही केली आस्ती ना, काय जानार व्हतं? सही केली म्हनजे धरान बांधा म्हनलं आसं व्हत न्हाई. पोचलं, येवढंच. तवापासनं मी ठरिवलं, समोर आलेला कागद घ्यायचा. कवाच नाय म्हनायचं न्हाई."

आमच्या अकरा पावत्यांवर त्यांनी सही का केली, याचं उत्तर मला त्या काठावर मिळालं होतं. तेव्हा मला प्रश्न मात्र माहीत नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात इंदूबाई डोके कट्ट्यावर आल्या. इमारतीमागची साडेतीन एकर जमीन त्यांची. टोमॅटो, कांदा, बांधाला दोन म्हशी. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत. त्यांनी पाण्याची बाटली आण्णांपुढे ठेवली.

"उघडा आन् वास घ्या."

आण्णांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

"माझ्या हिरीचं हाय. आजेसासऱ्यानं खांदलेली हीर. म्हसरं त्वांड लावंनात. तुमच्या इमारतीचं हाय ह्ये. मी चर खांदून पाईप बघितलाय."

आम्ही गेलो. मी टेप घेऊन गेलो होतो. शेठने सेप्टिक टाकीला शोषखड्डा केलाच नव्हता. टाकीतून वर आलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपातून बेचाळीस फुटांवर इंदूबाईंच्या बांधात सोडलं होतं. तिथून विहीर साठ फूट. चोवीस संडास, बारा मोऱ्या आणि ती विहीर.

पहिल्या मजल्यावरचे शिंदे, ज्यांच्या दोन ट्रॅव्हल्स गाड्या आहेत, ते म्हणाले, "वहिनी, आमी काय केलंय? बांधलं शेठनं."

"हागतो कोन, शेठ का तुमी?" इंदूबाई म्हणाल्या.

इंदूबाई आण्णांकडे वळल्या. "तुमी कायद्याचं मानूस. सांगा, मी आता काय करायचं?"

आणि आण्णांनी सांगितलं. पाणी तपासून घ्या, अहवाल घ्या. मग दोन अर्ज करा, दोन-दोन प्रतींत, एक ग्रामपंचायतीला, एक इमारतीला. आठवड्याने अहवाल आला, पिण्यास अयोग्य. इंदूबाई आमच्याविरुद्धचा अर्ज घेऊन आल्या, तेव्हा घ्यायला कुणी पुढे होईना. आण्णांनी घेतला आणि त्यांच्या प्रतीवर लिहून दिलं, 'पोचला. नि. गवारी. १०.४२.'

"आण्णा, तुमी नक्की कुनाच्या बाजूचे?" शिंदे भडकले.

"विचारलं तिनं. ज्याला विचारलं त्यानं सांगायचं."

तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपापल्या पावत्या काढल्या. दुसऱ्या पानावर सातवं कलम होतं. 'सांडपाणी व मैलापाण्याची व्यवस्था समक्ष पाहून व समजून घेतली असून ती समाधानकारक आहे. यापुढे तिची सर्व जबाबदारी ताबा घेणाराची राहील व त्याबाबत विकासकाविरुद्ध कोणतीही तक्रार राहणार नाही.' खाली आमची सही, त्याखाली साक्षीदाराची.

आण्णांनी ते कलम माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा काढून पुसला. "ही पोच न्हाई," एवढंच म्हणाले. त्या रविवारी ते कट्ट्यावर बसले नाहीत. पुढेही कधी बसले नाहीत. लोक येत आणि कट्टा रिकामा बघून परत जात.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते एका परिच्छेदात सांगता येतं, कारण आम्ही गोल फिरत होतो. शेठकडे गेलो, तो सातवं कलम दाखवी. ग्रामपंचायतीत गेलो, ते इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला मागत. दाखला शेठने घेतलाच नव्हता, आणि आम्ही अर्ज केला तर सांडपाण्याची व्यवस्था नीट असल्याशिवाय तो मिळणार नव्हता. व्यवस्था करायची तर खर्च कोणाचा, म्हणून पुन्हा शेठकडे. तक्रार लिहायला बसलो की लक्षात यायचं, पहिल्याच ओळीत आम्ही स्वतः बेकायदा राहतोय हे कबूल करावं लागतंय. मी घर विकायला काढलं. तीन गिऱ्हाइकं आली, तिघांच्याही बँकेने दाखला मागितला, तिघंही गेली. कर्जाचा हप्ता चौदा हजार दोनशे. घर विकता येईना, भाड्याने देता येईना, आणि उन्हाळ्यात खिडकी उघडता येईना. बायको एकदा म्हणाली, "आपण घर घेतलं का घरानं आपल्याला?"

मधल्या काळात इंदूबाईंनी पाइपाच्या तोंडात सिमेंटची पोती कोंबली. त्यांची चूक म्हणवत नाही. पाणी मागे फिरलं आणि सगळ्यात आधी एक नंबरच्या न्हाणीत वर आलं. आण्णा आणि हिराबाई बादल्यांनी ते उपसत असत. दर नऊ दिवसांनी उपशाचा टँकर बोलवावा लागे, खेपेला अडीच हजार. आण्णांनी वर्गणीत कधी एक दिवस उशीर केला नाही आणि पोती काढायला इंदूबाईंना कधी सांगितलं नाही.

इंदूबाईंनी जुन्नरच्या कोर्टात शेठवर आणि आम्हा बारा जणांवर दावा लावला. समन्स घेऊन बेलीफ आली, तिशीतली, पंजाबी ड्रेस, गळ्यात ओळखपत्र. तिच्या गाडीचा आवाज झाला आणि पार्किंगमधले सगळे वर पळाले. मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातून बघत होतो, हेही लिहिलं पाहिजे. बारा दारं धडाधड बंद झाली. अकराच म्हटली पाहिजेत. एक नंबरचं उघडं होतं.

आण्णांनी आपलं समन्स घेतलं, घड्याळ बघून वेळ घातली, सही केली. मग तिला म्हणाले, "बाई, तुमी समोर नका ऱ्हाऊ उभ्या. चौकटीच्या बाजूला. चला, मी येतो संगती."

आणि ते प्रत्येक दारात गेले. पूर्ण नावाने हाक मारली. "उघडा. घरात हायेत हे मला म्हाईत हाय, चपला बाहेर हायेत." शिंद्यांच्या दारात सगळ्यात जास्त वेळ गेला.

"आण्णा, एवढी गद्दारी बरी न्हाई!" शिंदे आतून ओरडले.

"दाराला चिकटवून जाईल ती. मग तुमच्या माघारी निकाल लागंल. माझ्या बापाचं झालंय तसं. उघडा."

शिंद्यांनी दार उघडलं. समन्स घेतलं. आण्णांच्या तोंडावर दार आपटलं. माझ्या दारात आले तेव्हा मी आधीच उघडून उभा होतो, इतकंच माझ्या बाजूने सांगता येईल.

आमच्या वकिलांनी कागद पाहून सांगितलं, "कायद्यानं शेठची जबाबदारी अशी सहीनं संपत नाही. पण ते सिद्ध करण्यात वर्षं जातील आणि तोवर भरावं तुम्हालाच लागेल. लवकर सुटायचं असेल तर एक रस्ता आहे. साक्षीदार सगळ्या पावत्यांवर एकच आहे, आणि तोही कोर्टात बेलीफ होता. त्यांनी प्रतिज्ञापत्र करावं, की दुसरं पान वाचायला दिलंच नाही, घाईनं सह्या घेतल्या. त्यांच्या शब्दाला वजन आहे. शेठ तडजोडीला धावत येईल."

सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण आण्णांशी नीट बोलणारा मीच उरलो होतो. मी हिशेब केला. नवी टाकी, शोषखड्डा, पाइप मिळून सहा लाख. इंदूबाईंची भरपाई दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास ठरेल असं दिसत होतं. प्रत्येक घराला सत्तर हजार. आण्णांनी एक सही केली तर शून्य. प्रतिज्ञापत्राचा मसुदाही माझ्याच हाताने टाइप झाला.

मी तो घेऊन एक नंबरमध्ये गेलो. हिराबाई मोरी धूत होत्या. फिनेलचा वास होता आणि त्याखाली दुसरा. आण्णांनी कागद शेवटपर्यंत वाचला. दोन्ही पानं.

"हिशोब बराबर हाय तुमचा," ते म्हणाले.

"आण्णा, पूर्ण खोटं थोडंच आहे? घाई तर झालीच होती."

"घाई कुठं व्हती? पेढं वाटीत व्हता त्यो. वाचून घ्या म्हनला. तुमी उचललाबी व्हता कागद. मीच म्हनलो, काय वाचता राव."

"त्यानं फसवलं ते खरं आहे ना? मग कोणत्या वाक्यानं पकडला याला काय महत्त्व?"

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "भाऊ, पस्तीस वरसं मी कागदाखाली एक ओळ लिवलीया. समक्ष दिला. नायतर, घेन्यास नकार दिला. रानात, डोंगरात, कुनी बघाया न्हाई. वडाखाली बसून 'घर बंद व्हतं' लिवनारं बेलीफ मी बघितल्यात. त्या एका ओळीवर मान्साच्या माघारी निकाल लागतो. घर जातं त्याचं. माझ्या ओळीनं बी गेल्यात घरं. पर ती ओळ खरी व्हती, म्हनून मी जेवू शकलो."

"आणि आमची घरं?"

"तुमची घरं मी घालवली," आण्णा म्हणाले. "त्ये बी खरंच हाय. त्ये लिवून आना, करतो सही."

आतून हिराबाईंचा आवाज आला, "करा की हो सही! दोन वरसं घान उपसतीय मी. कोनासाठी?" मग बादली आपटल्याचा आवाज. आण्णा उठून आत गेले. मी मसुदा टेबलावर ठेवून निघालो. संध्याकाळी तो माझ्या दाराखालून परत आला होता, सहीची जागा कोरी ठेवून.

कोर्टात शेठच्या वकिलाने त्यांनाच विचारलं, पावती वाचायला दिली होती का. आण्णा म्हणाले, "व्हय. दिली व्हती. वाचू नका आसं मी म्हनलो." न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच सावकाश, लिहून घेणाऱ्याला लिहिता यावं अशा बेताने. आमच्या वकिलांनी फाइल मिटली.

त्या दिवसापासून इमारतीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. शिंद्यांनी जिन्यात थुंकायला सुरुवात केली. मीही बोललो नाही. मला राग होता आणि तो राग सत्तर हजारांचा होता, हे मला नेमकं माहीत होतं, आणि तरी तो जात नव्हता. नातेवाइकांना मी सांगत असे, की एका माणसाच्या हट्टाने आम्ही बुडालो. ऐकणारा माझ्या बाजूने मान डोलावी आणि मला बरं वाटे.

लोकअदालतीत तडजोड झाली. इंदूबाईंनी मागितलं त्याहून कमीच घेतलं. अट एक, टाकी आमच्या हद्दीत आणि पावसाळ्याआधी. हद्दीत मोकळी पट्टी एकच होती, एक नंबरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आणि करारात ती आण्णांच्या नावावर होती. त्यांनी तिथे टाकी बांधायला लेखी संमती दिली. खोदाईचं मशीन आलं तेव्हा ते खिडकीत उभे होते. चालकाला हाताने दाखवत होते, पाया इथवर आहे, याच्या अलीकडे घे.

टाकी झाली आणि चार दिवसांनी हिराबाई आणि ते डोंगरावरच्या गावी निघाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी केंद्रावर जायला निघालो होतो. नारायणगावच्या एसटी स्टँडपाशी गर्दीमुळे गाडी हळू केली, तेव्हा दिसले. दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी. हिराबाई पेटीवर बसल्या होत्या. आण्णा उन्हात उभे राहून घोडेगावच्या गाडीची पाटी शोधत होते, डोळ्यांवर हात धरून. त्यांनी मला पाहिलं. हात खाली आला आणि पुन्हा थोडा वर गेला, हाक मारावी की नाही अशा बेताने. माझ्या गाडीची मागची सीट रिकामी होती आणि मला त्या दिवशी कसलीही घाई नव्हती. मी रस्त्याकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली. पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं, तेही इंदूबाईंकडून. आमच्या अकरा घरांतलं कुणी मातीला गेलं नव्हतं. त्या गेल्या होत्या.

शेवटी दिलं ते असं. इंदूबाई डोके यांना विहीर उपसण्याचे आणि नुकसानीचे दोन लाख चाळीस हजार. टाकीच्या ठेकेदाराला सहा लाख. शेठविरुद्धची तक्रार ग्राहक मंचात चालू आहे, त्याच्याकडून आजवर एक रुपया आलेला नाही. घराघराचा हिस्सा सत्तर हजार. निवृत्ती गवारी यांनी तो पहिल्या दिवशी एकरकमी भरला. खिडकीखालच्या जागेबद्दल त्यांना काहीही दिलं गेलं नाही, कारण ते द्यावं असा विषय आमच्यापैकी कुणीच काढला नाही.